अकरा विद्यार्थ्यांचे एकच चाचा

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या शाळेत शिस्त कशी आणलीत त्यावर लिहा. आपल्या तरुणांना प्रेरणा मिळेल." प्रेरणा हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. तरी हो म्हटलं, कारण शिस्त मी आणली होती हे खरं आहे. त्या शिस्तीपायी कुणाचं काय झालं हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, तेव्हा न विचारताच सांगते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडं. आमचं इंटर कॉलेज जुन्या शहरात, लक्ष्मी गेटाच्या आतल्या दाट वस्तीत आहे. नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच. इकडे सहावी ते बारावीच्या शाळेला इंटर कॉलेज म्हणतात. मी तिथे प्रिंसिपल म्हणून गेले तेव्हा शाळा म्हणावी असं फारसं काही शिल्लक नव्हतं. मैदानात मोहल्ल्यातल्या टग्यांच्या मोटरसायकली उभ्या असत. वर्गातले पंखे कुणीतरी उतरवून नेले होते. बोर्डाच्या परीक्षेत बाहेरची माणसं भिंतीवरून उड्या मारून आत येत आणि आपापल्या भाच्या-पुतण्यांना उत्तरं सांगून जात. शिक्षक हजेरी घेऊन स्टाफरूममध्ये दार लावून बसत. त्यांना मी दोष देत नाही. अकरावीतल्या एकाच्या दप्तरात मला पहिल्याच महिन्यात गावठी कट्टा सापडला होता. मी तो रुमालात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला आणि ठाण्यातून पोलीस येईपर्यंत त्याच टेबलावर बसून वेळापत्रक तयार केलं. भीती वाटत होती, पण ती कुणाला दिसली नाही. शाळा चालवण्याच्या कामातलं अर्धं कौशल्य एवढंच असतं.

आमचं घराणं पेशवाईत पूजा सांगायला इकडे, बुंदेली मुलखात, आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि राग आला की मला फक्त बुंदेली सुचते. माझ्या बुंदेली शिव्यांची पोरांना गंमत वाटायची. "जे मराठी मैडम तो हमसे जादा बुंदेली गरियात हैं," असं एकदा जिन्याखाली मी स्वतः ऐकलं आणि मनातून खूश झाले.

शिस्त आणायला मी तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे फाटक. उन्हाळ्यात साडेसात, थंडीत साडेनऊ, घंटा झाली की मी स्वतः जाऊन फाटकाला कुलूप घालायचे आणि किल्ली पर्समध्ये टाकायचे. त्यावरून माझं नाव 'ताला मैडम' पडलं. दुसरी म्हणजे उशिराचं रजिस्टर. त्यात नाव, वर्ग आणि वेळ असे तीनच रकाने ठेवले होते. जुन्या रजिस्टरात चौथा रकाना कारणाचा होता, तो मी काढून टाकला. माझा अनुभव असा की कारण ऐकायला बसलं की शाळा चालवता येत नाही. इथल्या पोरांची आजी आठवड्यातून दोनदा मरते. तिसरी गोष्ट म्हणजे अभिभावक, म्हणजे पालक. महिन्यात तीनदा उशीर झाला, मोबाइल सापडला, मारामारी केली, तर पालकाला घेऊन या, तोपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही.

हा नियम जबर चालला. पालकही एकेक नमुने असत. एक गृहस्थ हात जोडून म्हणाले होते, "मैडम जी, लड़का पढ़े न पढ़े, आपकी मर्जी. बस छुट्टी तक ताला मत खोलिए. बाहर निकला तो हमारी नींद गई." मी त्यांना खुर्ची दिली. माझ्या धोरणाला इतका मनापासून पाठिंबा दुसऱ्या कुणी दिला नाही. दोन वर्षांत शाळा वठणीवर आली. भिंतीवरच्या उड्या थांबल्या, शिक्षक वर्गात दिसू लागले, जिल्ह्याने मला शाल आणि प्रशस्तिपत्र दिलं. ते प्रशस्तिपत्र मी ऑफिसात माझ्या डोक्याच्या वर, येणाऱ्याला आधी दिसेल असं लावलं होतं. लपवत नाही, मला त्याचा फार अभिमान होता.

आता चाचांविषयी.

एका ऑगस्टमध्ये दहावीतला एक मुलगा त्याच्या चाचांना घेऊन आला. मुलाने मोबाइल आणला होता. चाचा पन्नाशीचे, काटक, अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट आणि वर करड्या रंगाचं जाकीट. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मग त्या मुलाकडे वळून असं काही झापलं की मलाच म्हणावं लागलं, "बस, बस." गेल्यावर वाटलं, पालक असावा तर असा. त्यांनी पालकांच्या रजिस्टरात सही केली आणि मी पान उलटलं.

पान उलटलं ते पुन्हा मागे उलटलं. सहीच्या शेजारी काळा डाग होता, बोटाचा. आदल्या पानावर दुसऱ्या एका मुलाच्या चाचांच्या सहीशेजारी तसाच डाग होता. त्याच्या मागे तिसऱ्याच्या फूफांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, सहीशेजारीही. मी एप्रिलपासूनची पानं चाळली. नावं अकरा, नाती चाचा, ताऊ, फूफा अशी निरनिराळी, आणि डाग एकच.

आमचे चपराशी रामसेवक दारात उभे होते. मी त्यांना विचारलं, "रामसेवक, अभी जो गए, कौन थे?"

"जे तो सामने वारे हरगोविंद हैं, मैडम जी. पंचर वारे."

"आपको मालूम था?"

"सबको मालूम था."

"तो बताया क्यों नहीं?"

"आपने पूछो नईं," रामसेवक म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

शाळेच्या पुढच्या भिंतीला बाहेरून टेकून हरगोविंदचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, पाण्याचं घमेलं आणि वर ताडपत्री. पोरं सायकली त्याच्याकडेच लावत. पेटीमागच्या खिळ्याला तो पांढरा शर्ट आणि ते जाकीट टांगलेलं असायचं. ज्याला पालक हवा असेल त्याने सांगायचं, की हरगोविंद हात धुऊन, शर्ट चढवून माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. रबराचा काळा रंग तेवढा नखांतून जायचा नाही. मी रोज चार-सहा पालकांना झापायचे, चेहरा एकाचाही लक्षात ठेवायचे नाही.

आज कुणी मला हे सांगितलं तर मी पोट धरून हसेन. तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली. पाच महिने हा माणूस मला मूर्ख बनवत होता आणि अख्ख्या शाळेला ते माहीत होतं. ज्या नियमाचं मी सगळीकडे कौतुक सांगत फिरले तो नियम भिंतीपलीकडे खिळ्याला टांगलेला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी हरगोविंदला मैदानात बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर त्याचा पाणउतारा केला. भिंत शाळेची होती, त्यामुळे व्यवस्थापनाला सांगून दुपारपर्यंत त्याची पेटी तिथून हलवली.  त्याने जाकीट घडी करून पेटीत ठेवलं आणि सायकलवर पेटी बांधून गेला.

मग ती अकरा नावं. मी म्हटलं, आता चाचा नको, ताऊ नको, प्रत्यक्ष वडील. आणि निरोप पोरांच्या हाती नाही, रजिस्टर्ड पोस्टाने. एक पत्र स्वतः बसून तयार केलं. त्यातलं मुख्य वाक्य मला आजही पाठ आहे: "आपका पुत्र/पुत्री निरंतर अनुशासनहीनता कर रहा/रही है तथा विद्यालय को धोखा देने हेतु एक बाहरी पुरुष को अपना संबंधी बनाकर लाया/लाई है." ऑफिसातल्या बाबूंनी कॉम्प्युटरवर नावं बदलून अकरा प्रती काढल्या, मी अकरा सह्या केल्या, शाळेची मोहर मारली. मुलगा असो, मुलगी असो, नगरसेवकाचा पोरगा असो, माझ्याकडे सगळ्यांना एकच नियम, याचा मला भारी अभिमान होता.

अकरांत दहा मुलगे होते. अकरावं नाव रोशनीचं, ती बारावीतली.

रोशनी गरौठ्याकडच्या एका खेड्यातली. दहावीनंतर वडिलांनी तिला दोन वर्षं घरी बसवलं होतं, म्हणून वर्गात ती सगळ्यांपेक्षा मोठी, एकोणीस वर्षांची. दोन वर्षं रडून, उपास करून तिने वडिलांना तयार केलं आणि लक्ष्मी गेटात मावशीकडे राहून शिकायला आली. अकरावीत वर्गात दुसरी आली होती. वडिलांची एकच अट होती, पहिली तक्रार आली की घरी. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की जुलैपासून उशिराच्या रजिस्टरात तिचं नाव वरचेवर येतं आणि तीसुद्धा भाड्याचा चाचा आणणाऱ्यांपैकी आहे.

पत्रं जायच्या आदल्या दिवशी ती ऑफिसात आली. दारातच उभी राहिली.

"मैडम जी, हमें जो सजा देनी हो दे दीजिए. मैदान के चक्कर लगवा लीजिए, सबके सामने मुर्गा बना दीजिए. पापा को चिट्ठी मत भेजिए."

"बाकी दस लोगों को जा रही है."

"मौसी को ले आएँ, मैडम जी? वो सगी मौसी हैं, झूठी नहीं."

"पिताजी."

"मैडम जी, सुबह में बात ये है कि..."

"कारण नहीं सुनूँगी," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "जी." तिच्या आवाजात राग असता तर कदाचित माझ्या लक्षात काही आलं असतं. राग नव्हता. मी पुढचा कागद घेतला.

दहा मुलांचे बाप आठवड्याभरात येऊन गेले. कुणी हसले, कुणी माझ्यासमोर पोराच्या दोन कानाखाली ठेवल्या, एकाने तर हरगोविंदचा पत्ता विचारला, म्हणे "हम भी काम से नहीं आ पाते, आगे भी उसी को भेज देंगे." त्या पत्राने दहा घरांत काही फरक पडला नाही.

रोशनीचे वडील शेवटी आले. चपला बाहेर काढल्या, मी सांगितल्यावरही खुर्चीवर बसले नाहीत. हातात माझं पत्र होतं. मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. वेळेची किंमत, खोटेपणा, मुलीच्या जातीने तर अधिकच जपायला हवं. हो, मी असंही म्हटलं. ते शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं, "टीसी कब मिल जाएगी?"

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. पालक चिडले की टीसीची भाषा करतात. ती धमकी असते आणि प्रिंसिपलने विचारात पडावं, विनवावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी कधी विनवलं नाही. धमकीला दाखला हातात ठेवायचा, म्हणजे माणूस गडबडतो आणि दुसऱ्या दिवशी माफी मागून परत येतो, हा माझा अनेक वेळा यशस्वी झालेला उपाय होता. मी बाबूंना हाक मारली. दहा मिनिटांत दाखला तयार झाला. रोशनी खांबाला टेकून बाहेर उभी होती. वडिलांनी दाखला पत्राच्या घडीत ठेवला, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "आपका बड़ा एहसान." ते धमकी देत नव्हतेच. तो माणूस फक्त दाखला मागत होता, आणि मी माझ्या हुशारीत तो देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी कुणी परत आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी उगाच रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, "बा मोड़ी तो गाँव चली गई." ती पोरगी गावी निघून गेली होती.

पंधरा-वीस दिवसांनी माझी स्कूटी लक्ष्मी गेटाजवळ पंक्चर झाली. ढकलत नेली तर कोपऱ्यावर हरगोविंद बसलेला. मला परत फिरावंसं वाटलं, पण त्याने पाहिलं होतं. त्याने चाक उघडलं. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "आपने ऐसा क्यों किया?"

"दस मोड़न खौं तो हमने खूब गरियाओ, मैडम जी," तो ट्यूब पाण्यात फिरवत म्हणाला. "बाहर लै जाकें दो-दो धरे सोई. चाचा बने ते, सो चाचा को काम करो." म्हणजे दहा पोरांना त्याने शिव्या घातल्या आणि वर दोन-दोन ठेवूनही दिल्या होत्या.

"और वह लड़की?"

त्याने हात थांबवला. "बा मोड़ी भुनसारे चार बजे सें मौसी के टिफिन की रोटी बेलत ती. साठ-सत्तर टिफिन. रोटी न बेले तो मौसी रखे नईं. साइकिल सें इस्कूल आउत ती भागत-भागत, और आप ताला डार देत तीं."

"उसने मुझे बताया क्यों नहीं?"

"आप सुनत कबै तीं?" हरगोविंद म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. तो चाकातला खिळा शोधत होता.

त्या आठवड्यात बोर्डाचे फॉर्म भरायची मुदत संपत होती. बारावीचा फॉर्म राहिला की वर्ष गेलं, आणि रोशनीच्या बाबतीत वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं हे मला आता कळत होतं. मी बाबूंना दाखला रद्द करण्याचे कागद करायला लावले, तिचा फॉर्म माझ्या हाताने भरला, आणि रविवारी सकाळच्या बसने गरौठ्याला निघाले. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कुठल्याही विद्यार्थ्याच्या घरी गेले नव्हते. पालकांनी आपल्याकडे यावं, आपण जायचं नाही, हाही माझाच नियम होता.

गरौठ्याहून पुढे टमटमने तासभर गेले. रोशनीच्या वडिलांनी मला पाहिलं आणि धावत येऊन हातातली पिशवी घेतली. खाटेवर चादर अंथरली. शेजारपाजारचे चार-पाच लोक जमले. मी वेळ न घालवता सांगितलं. मुलीची चूक नाही, चूक माझी आहे, ती पहाटे उठून मावशीकडे राबत होती, तो माणूस शाळेसमोरचा पंक्चरवाला आहे, वयाने मोठा आणि भला. फॉर्म भरलेला आहे, फक्त सही करा, राहायची सोय मी स्वतःच्या घरी करते.

वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मैडम जी, रजिस्ट्री आई तो हमसे पढ़त नहीं बनती. चबूतरे पर पढ़वाई. आधा गाँव बैठा था. बाहरी पुरुष को लाई, ये सबने सुना."

"वह बात ग़लत थी. मैंने ग़लत लिखी थी."

"उस पर मोहर लगी थी. अब आप मुँह से कह रही हैं. गाँव मोहर की मानेगा कि मुँह की?"

"मैं दूसरी चिट्ठी लिख देती हूँ. मोहर लगाकर. सबके सामने पढ़वाइए."

ते हसले. वाईट माणूस नव्हता तो, खरंच नव्हता. म्हणाले, "लड़की की सफ़ाई में चिट्ठी पढ़वाएँगे तो बात और फैलेगी. और अब क्या. रिश्ते की बात चल पड़ी है. लड़केवालों तक पहुँचे उसके पहले निपट जाए."

मी खूप बोलले. आयुष्यात कधी कुणाला केली नसेल इतकी गयावया केली. ती दुसरी आली होती हे सांगितलं, तिला बारावीनंतर नर्सिंगला घालता येईल हे सांगितलं, हात जोडले. ते प्रत्येक वेळी अधिक नम्र होत गेले आणि एक इंचही हलले नाहीत. मी ज्या खुर्चीत बसून पालकांना असंच उत्तर देत आले होते, ती जागा आता त्यांची होती. भरलेला फॉर्म खाटेवर तसाच पडला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून कुणीतरी त्यावर पेला ठेवला.

निघताना त्यांनी आत हाक मारली. रोशनी बाहेर आली. डोक्यावर ओढणी, हातात पाण्याचा तांब्या. तिने खाटेवरच्या फॉर्मकडे पाहिलं. वर तिचं नाव माझ्या अक्षरात होतं, ते तिने वाचलं असणार, कारण ती तिथे जरा जास्त थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "रोशनी, उस दिन सुबह की जो बात तुम बता रही थीं..."

"कुछ नहीं था, मैडम जी," ती म्हणाली.

वडील लोकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इन्हीं मैडम जी ने समय पर चेता दिया, नहीं तो न जाने क्या होता. पैर छुओ बिटिया."

ती वाकली. मी पाय मागे घ्यायला हवे होते, काहीतरी ओरडायला हवं होतं, माणसं जमलेली होती. तिचे हात माझ्या पावलांना लागले. तीस वर्षं हजारो पोरांनी पाया पडताना माझ्या तोंडून आपोआप जे निघत आलं, तेच निघालं.

"खुश रहो," मी म्हणाले.